न दुखणारी जखम

दुखते आहे म्हणजे आजार आहे आणि दुखायचे थांबले म्हणजे आजार बरा झाला, असा आपला साधा हिशेब असतो. मराठीत तर ‘दुखणे’ हा शब्दच आजारपणासाठी वापरतात. ‘मोठ्या दुखण्यातून उठला’ असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा हा हिशेब बरोबर ठरतो. मधुमेह जुना झाला, की पायांच्या बाबतीत मात्र तो उलटा होऊ शकतो. पायाला जखम आहे आणि ती दुखत नाही, हीच तेव्हा काळजीची गोष्ट असते.

असे का होते हे कळण्यासाठी आधी निरोगी पायात काय घडते ते पाहू. अंधारात चालताना पायाचा अंगठा पलंगाला ठेचकाळतो. पहिल्या क्षणी नुसते ‘आपटले’ एवढेच कळते. पाठोपाठ झणकन कळ येते आणि सेकंदभराने ठणका सुरू होतो. ठेच एकच, पण तिचे निरोप मेंदूकडे वेगवेगळ्या तारांमधून जातात. स्पर्शाचा निरोप नेणारे चेतातंतू जाड आणि आवरण असलेले असतात. त्यांचा वेग सेकंदाला ३५ ते ७५ मीटर असतो. झणकन येणारी कळ त्याहून बारीक तंतूंमधून, सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने जाते. ठणका नेणारे तंतू सर्वांत बारीक. त्यांच्यावर आवरण नसते आणि त्यांचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर. म्हणून अंगठ्याचा ठणका डोक्यात पोहोचायला सेकंदाहून अधिक वेळ लागतो.

ठेच लागल्यावर आपण अंगठा हाताने दाबून धरतो, चोळतो आणि बरे वाटते. त्यालाही कारण आहे. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडले, की पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर एक प्रकारचे दार असते. चोळण्याने स्पर्शाचे निरोप वाढले, की ते दार थोडे लोटले जाते आणि वेदनेचे कमी निरोप वर जातात.

त्वचेला चटका कसा कळतो, याचा शोध तर मिरचीमुळे लागला. मिरचीतील तिखट द्रव्य चेतातंतूच्या टोकावरील ज्या प्रथिनाला चेतवते, तेच प्रथिन सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या पुढच्या उष्णतेनेही चेतवले जाते. ठेचा खाल्ल्यावर तोंडात ‘जाळ’ होतो असे आपण म्हणतो, ते मेंदूच्या दृष्टीने खरेच असते. हे शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि दाब-स्पर्श ओळखणारी प्रथिने शोधणारे आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मधुमेहाकडे वळू. रक्तातील साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली, की चेतातंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना इजा होत जाते. सर्वांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत गेलेले असतात, म्हणून सुरुवात तिथूनच होते. आधी मुंग्या, झिणझिण्या, रात्री तळपायांची आग, कापसावर चालल्यासारखे वाटणे. मग बधिरता मोजा चढवावा तशी हळूहळू वर सरकते. आग होते म्हणजे संवेदना शाबूत आहे, असे मात्र समजू नये. एकाच पायात आग आणि बधिरता दोन्ही असू शकतात. काहींना तर आग, मुंग्या काहीच होत नाही आणि पाय थेट बधिर होतो. याच काळात पायाला घाम येणे कमी होते. त्वचा कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात, बोटे वाकडी होऊन नको तिथे दाब येतो. अशा पायाला जखम व्हायला फार काही लागत नाही.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात पन्नाशीचे एक गवंडी आले होते. खरे तर त्यांना पत्नीने आणले होते. चपलेतून आत आलेला खिळा तळपायात रुतला होता आणि त्यांनी त्याच चपलेवर दोन दिवस काम केले होते. ‘‘भाऊ, दोन दिवस काहीच कळलं नाही?’’ मी विचारले. ‘‘दुखलंच नाही डॉक्टरसाहेब. मग कशाला बघू?’’ पत्नी म्हणाल्या, ‘‘फरशीवर रक्ताचे ठसे दिसले, तेव्हा मी यांचा पाय उलटा करून पाहिला.’’ जंतुसंसर्ग खोल गेला होता. दोन बोटे काढावी लागली, पाऊल वाचले. ते ठसे आणखी आठवडाभर दिसले नसते, तर पाऊल वाचलेच असते असे मी सांगू शकत नाही.

बधिर पायाचा आणखी एक तोटा लवकर लक्षात येत नाही. आपण उभे राहतो ते तीन ठिकाणांहून येणाऱ्या माहितीवर: डोळे, आतल्या कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि पायांचे तळवे-सांधे. पायांकडून माहिती येईनाशी झाली, की मेंदू डोळ्यांवर विसंबतो. अशी माणसे दिवसा व्यवस्थित चालतात. रात्री दिवा गेला, किंवा बेसिनसमोर तोंड धुताना डोळे मिटले, की झोक जातो. ‘‘चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही,’’ ही तक्रारही त्याच कुळातली. याला नुसती ‘चक्कर’ किंवा ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये.

वेदना नसण्याची किंमत जगाला नीट समजली ती कुष्ठरुग्णांकडून. भारतात जन्मलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये काम करत होते. कुष्ठरोगाने बोटे ‘झडतात’, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. ब्रँड यांनी बारकाईने पाहिले, तेव्हा दिसले की रोगाने चेतातंतू बधिर होतात आणि पुढचे नुकसान चटके, जखमा आणि सततचा दाब यांनी होते. पुढे अमेरिकेत त्यांनी वेदनेची नक्कल करणारे उपकरण बनवून पाहिले. दाब वाढला की इशारा मिळे. पण रुग्ण इशारा टाळत, नाही तर यंत्रच बंद करत. ज्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करता येते, तो पायाचे रक्षण करत नाही. खरी वेदना तेवढी सवलत देत नाही, म्हणूनच ती कामाची.

ती गेली असेल, तर तिची जागा डोळ्यांना आणि घरच्या माणसांना घ्यावी लागते. त्यासाठी घरच्या घरी करता येणारी एक तपासणी सांगतो. मधुमेही व्यक्तीने मोजे काढून, डोळे मिटून पडून राहावे. दुसऱ्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी अशा सहा टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये, गुदगुल्या करू नयेत. स्पर्श कळला की ‘उजवा’ किंवा ‘डावा’ असे सांगायचे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर डॉक्टरांकडे जावे. आम्ही नायलॉनच्या धाग्याने आणि कंप पावणाऱ्या चिमट्याने हीच तपासणी अधिक नेमकी करतो. ती काही मिनिटांत होते आणि प्रत्येक मधुमेही व्यक्तीची वर्षातून एकदा तरी व्हायला हवी.

गेलेली संवेदना सहसा पूर्ण परत येत नाही. साखर आटोक्यात ठेवली, तर उरलेली टिकवता येते. मधुमेहाशिवाय बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि दीर्घकाळचे मद्यपान यांनीही पाय बधिर होतात. शाकाहारी व्यक्तींमध्ये आणि मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होऊ शकते. ते वेळीच तपासून भरून काढले, तर बराच फायदा होतो. त्वचेवरचा फिकट चट्टा बधिर असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्यावर पूर्ण बरे करणारे औषध आहे आणि ते मोफत मिळते.

बाकीची काळजी साधी आहे. रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. स्वतःला वाकता येत नसेल, तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा घरातल्या कुणाला सांगावे. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या कराव्यात. टाचांना तेल किंवा मलम लावावे, बेचक्यांत लावू नये. बूट घालण्यापूर्वी झटकून आत हात फिरवावा. कुरूप ब्लेडने कापू नये, त्यावर कॉर्न कॅप चिकटवू नये. गरम पाण्याच्या पिशवीने तळपाय शेकू नयेत. मऊ तळव्याची, मागे पट्टा असलेली एमसीआरची चप्पल घरातही वापरावी.

नवरात्रात किंवा वारीत अनवाणी चालण्याचा नवस अनेकांचा असतो. त्यावर मी वाद घालत नाही. पाय बधिर असेल, तर देवळाच्या आवारातली दुपारची तापलेली फरशी तळव्याची त्वचा सोलून काढते आणि दर्शन घेऊन घरी येईपर्यंत ते कळत नाही, एवढे मात्र सांगतो. बहुतेक जण ऐकतात.

घरात मधुमेहाचे कुणी असेल, तर आज रात्री झोपण्यापूर्वी त्यांची सहा बोटे तपासून पाहा. आणि पायाला लहानशी जरी जखम दिसली, तरी ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ असे म्हणू नका. दुखत नसेल, तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.