आरसा नसलेले परावर्तन

आजचा भाग एका शब्दाचा आहे.

क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना शोधणाऱ्या कुणालाही विचारा, की बाबा, तुझे मोजमाप कुठवर आले? तो सांगेल, इतकी हजार रिफ्लेक्शन्स मिळाली. रिफ्लेक्शन म्हणजे आपले शाळेतले परावर्तन. आता शाळेचे पुस्तक आठवा. किरण आरशावर पडून परत फिरतो ते परावर्तन. लाटा बारीक फटीतून जाताना पसरतात ते विवर्तन. मराठीत हेच दोन शब्द आणि हिंदीतही हेच. दोन्हींची गल्लत झाली तर परीक्षेत गुण जातात. आणि इथे बघा, शास्त्र विवर्तनाचे, यंत्राचे नाव विवर्तनाचे, पण मोजायचे काय, तर परावर्तन! हे कसे झाले?

त्यासाठी १९१२ सालात जाऊ. क्ष-किरण सापडून सतरा वर्षे झाली होती, पण ते लाटा आहेत की कण, यावर एकमत नव्हते. म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउए यांनी सुचवले, की क्ष-किरण जर लाटा असतील, तर स्फटिकातले ओळीने बसलेले अणू त्यांच्यासाठी बारीक जाळीचे काम करतील. फ्रिडरिश आणि क्निपिंग यांनी प्रयोग केला. फोटोच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. लाउए यांनी ती विवर्तनाच्या गणिताने मांडली. गणित खरे होते, पण अवघड. शिवाय काही ठिपके यायला हवे होते, ते आलेच नव्हते.

इंग्लंडात लीड्स इथे प्राध्यापक असलेले विल्यम हेन्री ब्रॅग क्ष-किरण कणच आहेत अशा मताचे होते. त्यांचा मुलगा लॉरेन्स केंब्रिजला शिकत होता. वय २२. वडिलांचे मत वाचवता येते का, ते त्याने आधी पाहिले. कण अणूंच्या रांगांमधल्या गल्ल्यांतून जात असतील का, हे तपासून झाले. जमले नाही. मग त्याचे लक्ष ठिपक्यांच्या आकाराकडे गेले. काच स्फटिकापासून लांब नेली की ठिपके चपटे, लंबगोल होत होते. किंचित पसरत जाणारा किरणांचा झोत तिरप्या पत्र्यांच्या थप्पीवरून परत फिरला, तर असेच होईल!

इथे तो शब्द जन्माला आला. लॉरेन्सने अणूंकडे सुटे सुटे पाहणे सोडले आणि स्फटिक म्हणजे अणूंच्या थरांची थप्पी असे मानले. एकेक थर क्ष-किरणाचा अगदी थोडा भाग परत पाठवतो. वरच्या थराकडून आलेली लाट आणि खालच्या थराकडून थोडा जास्त प्रवास करून आलेली लाट, दोघींची पावले जुळली तर ठिपका उमटतो. नाही जुळली तर एकमेकींना पुसून टाकतात. नियम एका ओळीचा: थरांमधले अंतर, त्याची दुप्पट, गुणिले कोनाची साइन, हे तरंगलांबीच्या पूर्ण पटीत हवे.

११ नोव्हेंबर १९१२ रोजी हा निबंध केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीत वाचला गेला. त्याच्या शीर्षकात शब्द होता विवर्तन. मग त्याने अभ्रकाचा तुकडा घेतला. अभ्रकाचे पापुद्रे सहज सुटतात, म्हणजे आत थर असणारच. त्यावर क्ष-किरण तिरपे सोडले, तर आरशावरून यावेत तसे ते परत फिरले. डिसेंबरमध्ये 'नेचर'मध्ये ही बातमी आली, तेव्हा शीर्षकात शब्द होता परावर्तन. एका महिन्यात शब्द बदलला तो असा. पुढे वडिलांनी परत येणाऱ्या किरणांची तीव्रता मोजणारे यंत्र बांधले आणि रोजच्या कामात हाच शब्द रुळला. १९१५ चे नोबेल बापलेकांना मिळून दिले गेले. गंमत अशी, की वडिलांचे मत वाचवायला निघालेल्या मुलाच्या हातून लाटांचीच बाजू भक्कम झाली.

आता उदाहरण घेऊ, घरातले मीठ. मिठाच्या स्फटिकात दोन थरांमधले अंतर २.८२ अँगस्ट्रॉम. एका सेंटीमीटरचे दहा कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. तांब्यापासून मिळणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम. हिशेब केला की पहिले परावर्तन जवळपास १६ अंशांवर येते, दुसरे ३३ वर, तिसरे ५५ वर. चौथे नाही, कारण साइन एकच्या वर जात नाही. या थरांपुरते बोलायचे, तर मधल्या कोनांवर काही नाही.

म्हणजे हा आरसा भलताच निवडक. घरचा आरसा कुठल्याही कोनात तोंड दाखवतो, आणि काम करतो तो फक्त पृष्ठभागावर. इथे हजारो थर मिळून एक ठिपका देतात.

पुढची गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण विद्यार्थी इथेच अडखळतात. स्फटिकशास्त्रात ते ३३ अंशांचे दुसरे परावर्तन १.४१ अँगस्ट्रॉम अंतरावरच्या थरांचे पहिले परावर्तन म्हणून लिहितात. हिशेब तोच येतो. पण मिठात त्या थरांपैकी निम्म्यांवर एकही अणू नाही! मग परावर्तन करतो कोण? थर करतच नाहीत. लाटा विखुरतात त्या अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांमुळे. थर ही आपण मनाने आखलेली रेघ, कोन काढण्यापुरती.

तेव्हा शब्द चुकीचा म्हणायचा का? घडते ते विवर्तनच. पण किरण कुठल्या दिशेला जाणार, हे परावर्तनाच्या भूमितीने अचूक सांगता येते, आणि लाउए यांचे अवघड गणित शाळकरी त्रिकोणमितीत बसते. म्हणून शब्द टिकला. परावर्तन हा शब्द दिशा विचारताना वापरा. ठिपका गडद का, फिका का, हे विचारायचे असेल, तर आरसा बाजूला ठेवा आणि अणू कुठे बसलेत ते पाहा. रचना कळते ती तिथून.