पोपटी लावावी, पण कुठे? शेकोटीला लागू होणारे कायदे

वालाच्या शेंगा भरू लागल्या की रायगडच्या किनारपट्टीवर पोपटीचे बेत ठरू लागतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेले कोंबडीचे तुकडे, ओवा आणि जाडे मीठ. तोंडाशी पुन्हा पाला दाबून मडके उपडे ठेवायचे, भोवती सुक्या झावळ्या, पेंढा आणि गोवऱ्या रचून पेटवून द्यायचे. अलिबाग-मुरूडच्या वाड्यांतून चालत आलेल्या या हिवाळी सोहळ्याला आता सुटीसाठी येणाऱ्या शहरी पाहुण्यांच्या ‘बॉनफायर’चीही जोड मिळाली आहे. मात्र ही आग कुठे पेटवता येते, हा प्रश्न बहुधा ठिणगी शेजारच्या वाडीत जाऊन पडल्यानंतरच विचारला जातो.

अंगणातील वा वाडीतील शेकोटीसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेतील अनेक शहरांत अग्निकुंडाचा आकार, घरापासूनचे अंतर आणि विझवण्याची साधने नियमांनी ठरवून दिलेली असतात. तशी सुटसुटीत नियमावली येथे नसल्याने ‘आपल्या जागेत आपण काहीही पेटवू शकतो’ असा समज रूढ झाला आहे. तो चुकीचा आहे. आगीखालची जमीन कोणती आणि आगीत जळते काय, यावर वेगवेगळे कायदे लागू होतात.

खासगी वाडीत स्वयंपाकासाठी वा शेक घेण्यासाठी केलेला जाळ हा मुळात गुन्हा नव्हे. निष्काळजीपणा हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ नुसार, आगीच्या बाबतीत माणसाच्या जिवाला धोका होईल असे बेदरकार वर्तन केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील कलम २८५ ची जागा या तरतुदीने घेतली. त्यासाठी प्रत्यक्ष दुर्घटना घडलीच पाहिजे असे नाही. आपल्या ताब्यातील आगीबाबत पुरेशी खबरदारी न घेणेही यात मोडते. धुराने शेजाऱ्यांच्या आरोग्याला बाधा होत असेल तर कलम २८० आहे आणि सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात.

येथील वाड्यांची रचना पाहता ही खबरदारी कागदापुरती ठेवून चालत नाही. नारळ-सुपारीची दाट लागवड, खाली वाळलेल्या झावळ्यांचा थर आणि जवळच पेंढ्याची उडवी, असे चित्र जागोजागी दिसते. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने याच पट्ट्यातील बागा आडव्या केल्या. सुपारीचे झाड उत्पन्न द्यायला पाच ते सात वर्षे घेते. म्हणजे वादळानंतर लावलेली रोपे आता कुठे हाताशी येत आहेत. एका रात्रीच्या मौजेत ती होरपळली तर बागायतदाराला पुन्हा तितकीच वर्षे थांबावे लागेल.

जाळायचे काय, हा मुद्दा याहून अधिक दुर्लक्षित आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि साध्या प्रकरणात पाच हजार, तर मोठ्या प्रमाणावर कचरा जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई ठरवली. पोपटीची गोवरी हा कचरा नव्हे. पण वाडी साफ करून गोळा केलेला पालापाचोळा, त्यात थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या टाकून त्यालाच शेकोटी म्हटले, तर नाव बदलल्याने प्रकार बदलत नाही. जुन्या होडीच्या रंगवलेल्या फळ्याही शेकोटीत घालू नयेत. रंगाचा धूर विषारी असतो.

समुद्रकिनारा ही कोणाचीही खासगी जागा नव्हे, बंगल्याचे फाटक थेट वाळूत उघडत असले तरीही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार सक्रिय वाळूच्या टेकड्यांत फेरफार करण्यास मनाई आहे. भरतीरेषेलगत सिमेंटचे पक्के अग्निकुंड बांधणे हे बांधकामच ठरू शकते. तात्पुरत्या शेकोटीबाबत ग्रामपंचायत वा नगरपरिषद आणि पोलीस ठाण्याकडे आधी विचारणा करावी, किनाऱ्यावरील सूचनाफलकही वाचावा.

किनाऱ्यावर वाऱ्याचाही विचार हवा. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे सूर्यास्तानंतर मंदावतात आणि रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतात. शेकोटीची वेळ नेमकी या बदलाची. खारा वारा अजून वाहत असताना ठिणग्या जातात त्या मागच्या सुरूच्या बनाकडे, जिथे सुकलेल्या काड्यांचा थर पेट घ्यायला निमित्तच शोधत असतो. श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वर, दिवेआगर येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. वाळूतून बाहेर पडलेली पिल्ले समुद्रावरच्या उजेडाच्या रोखाने निघतात. ज्वाळांमुळे त्यांची दिशा चुकते. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

जंगलालगत मात्र सवलतीला जागाच नाही. काशीद-मुरूडच्या पाठीशी फणसाड अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणे वा जळती ठेवून जाणे निषिद्ध आहे. राखीव वनांसाठी भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम २६ लागू होते. फेब्रुवारीपासून डोंगरउतारावरचे गवत सुकते आणि वणव्यांचा हंगाम सुरू होतो. अशा वेळी उतारावरच्या ‘कॅम्पिंग’मधील शेकोटी आयोजकाच्या भरवशावर सोडू नये.

विझवण्याबाबतचा एक गैरसमज सार्वत्रिक आहे. निखाऱ्यांवर वाळू ओढली की काम झाले असे मानले जाते. प्रत्यक्षात वाळूखाली निखारे कित्येक तास धग धरून राहतात आणि वरून काहीच दिसत नाही. पहाटे त्या जागी अनवाणी पाय पडतो तो मासळी सुकवायला आलेल्या कोळणीचा किंवा खेळणाऱ्या मुलाचा. निखाऱ्यांवर भरपूर पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे आणि राख हाताला गार लागल्यावरच जागा सोडावी. आग हाताबाहेर जाते असे वाटताच १०१ किंवा ११२ वर कळवावे. मडके उघडण्याची वाट पाहू नये.