विश्लेषण : राखीसाठी घरी केलेले रेझिनचे दागिने चिकट का राहतात? त्वचेला धोका किती?

श्रावण पौर्णिमा जवळ आली की समाजमाध्यमांवर पारदर्शक लोलकांची गर्दी होते. आत वाळवलेले फूल, सोनेरी वर्खाचा कण, बहिणीच्या नावाचे आद्याक्षर, कधी गेल्या वर्षीच्या राखीचा धागा. ओवाळणीत पाकिटाऐवजी असे काहीतरी द्यावे, असे अनेक भावांना वाटते आणि ते घरच्या घरी करून विकणाऱ्याही कमी नाहीत. या कामाला यंत्र लागत नाही, फार जागाही लागत नाही. बदलापूर पूर्वेच्या खरवईत एकीकडे एमआयडीसी आणि दुसरीकडे निवासी इमारती आहेत. तिथल्या वन-बीएचकेमधल्या ओट्यावरही हे दागिने होऊ शकतात. मात्र ओट्यावर घडते ती रासायनिक प्रक्रिया असते आणि राखीच्या निमित्ताने ती वर्षातल्या सर्वांत दमट दिवसांत केली जाते. लोलक चिकट राहणे, त्यावर पांढुरकी साय येणे, बोटांना खाज सुटणे या तक्रारी तिथून सुरू होतात.

रेझिन म्हणजे नेमके काय?

ज्याने घरात अरॅल्डाइट किंवा एम-सील वापरले आहे, त्याने हे रसायन हाताळलेले आहे. दोन भाग एकत्र करायचे आणि घट्ट होण्याची वाट पाहायची, हे तत्त्व तेच. स्वित्झर्लंडचे पिएर कास्तां आणि अमेरिकेचे सिल्व्हन ग्रीनली यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत इपॉक्सी रेझिन विकसित केले. सीबा कंपनीने १९४६मध्ये ते अरॅल्डाइट या नावाने बाजारात आणले. दागिन्यांसाठी मिळते ती त्याचीच पातळ, पारदर्शक आवृत्ती. एका बाटलीत रेझिन, दुसरीत हार्डनर. हार्डनरमधील अमाईन गटातील रसायने रेझिनच्या रेणूंना एकमेकांत जखडतात. यात काहीही ‘सुकत’ नाही, पाणी किंवा द्रावक उडून जात नाही. म्हणून पंख्याखाली किंवा उन्हात ठेवून फसलेले मिश्रण वाळवण्याचा प्रयत्न वाया जातो.

मोजताना गणित कुठे चुकते?

बाटलीवर ‘२:१’ लिहिलेले असते. हे प्रमाण आकारमानाचे की वजनाचे, हे वाचलेच जात नाही. रेझिन पाण्यापेक्षा जड असते, हार्डनर बहुधा थोडा हलका. त्यामुळे आकारमानाने २:१ असलेले मिश्रण वजनाने साधारण १००:४३च्या आसपास येते. काट्यावर २० ग्रॅम आणि १० ग्रॅम घेतले तर हार्डनर जास्त होतो. जास्त हार्डनर म्हणजे लवकर घट्ट, हा समज तर साफ चुकीचा आहे. जोडीदार न मिळालेले रेणू तसेच उरतात आणि तोच चिकटपणा बोटाला लागतो.

दागिन्यांत ही चूक अधिक महागात पडते, कारण माप छोटे असते. अडीच सेंटिमीटर व्यासाच्या, चार मिलिमीटर जाडीच्या लोलकाला जेमतेम दोन मिलिलिटर मिश्रण लागते. सहा लोलकांसाठी आठ मिली रेझिन आणि चार मिली हार्डनर. एक ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा स्वयंपाकघरातला काटा इथे निरुपयोगी आहे. खुणा असलेली, सुई नसलेली सिरिंज त्यापेक्षा बरी. दोन भागांसाठी दोन वेगळ्या. नंतर कपाच्या कडा आणि तळ खरवडत तीन-चार मिनिटे सावकाश ढवळावे लागते. जोरात फेटले की बुडबुडे अडकतात. उरेल म्हणून मोठ्या कपात भरपूर मिश्रण करून ठेवू नये. साठलेल्या मिश्रणात उष्णता कोंडते, कप हाताला चटका देण्याइतका तापू शकतो आणि त्यातून धूरही निघू शकतो.

पावसाळ्यात अडचण का वाढते?

हार्डनरमधील अमाईन हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावते. त्यातून पृष्ठभागावर मेणचट किंवा पांढुरका थर येतो. ऑगस्टमध्ये बदलापूरच्या हवेत मीठसुद्धा बरणीत पाझरते. तिथे रात्रभर उघड्यावर ठेवलेला साचा कसा सुटेल? आत घट्ट झालेल्या लोलकावरचा असा थर कोमट पाण्याने, साबणाने धुऊन निघतो. प्रमाणच चुकलेला लोलक मात्र धुऊन सुधारत नाही, तो टाकावाच लागतो.

खिडकी उघडी ठेवावी की बंद, हा प्रश्न मग उरतो. मिसळताना आणि ओतताना उघडी, कारण वाफ बाहेर जायला हवी. ओतून झाले की साचा झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पीठ-मसाल्यांचे डबे यासाठी वापरू नयेत आणि एकदा वापरलेला डबा स्वयंपाकघरात परत नेऊ नये.

फुलांचेही तेच. श्रावणातला तेरडा दिसतो सुंदर, पण त्याच्या पाकळ्यांत पाणी फार. अर्धवट वाळलेले फूल रेझिनमध्ये तपकिरी पडते किंवा त्याभोवती बुडबुड्यांची माळ उमटते. मोगऱ्यासारखी पांढरी फुले तर वाळतानाच रंग सोडतात. पुस्तकात दाबून ठेवलेले फूल पावसाळ्यात दोन-तीन आठवडे घेते आणि कधी बुरशीही धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलमध्ये पुरले तर चार-पाच दिवस पुरतात. राखीचा धागा अडकवायचा असेल, तर त्यावर आधी रेझिनचा पातळ हात फिरवावा, नाहीतर धाग्यातली हवा बाहेर येत राहते.

त्वचेला धोका किती?

या कामातली सर्वांत गंभीर बाब हीच आणि विक्रीच्या जाहिरातींत तिला सर्वांत कमी जागा असते. द्रवरूप इपॉक्सीमुळे त्वचेची अॅलर्जी होऊ शकते. पहिल्या दहा वेळा काही होत नाही आणि अकराव्या वेळी बोटे, मनगट, पापण्या लाल होऊन खाजू लागतात. एकदा शरीर असे संवेदनशील झाले की ते सहसा आयुष्यभर तसेच राहते. पुढे थोडासा संपर्कही पुरतो. ‘वास नाही’, ‘नॉन-टॉक्सिक’ या शब्दांचा या अॅलर्जीशी संबंध नाही. एमआयडीसीतून रात्री-अपरात्री येणाऱ्या उग्र वासाच्या तक्रारी बदलापूरकरांना नव्या नाहीत. घरातल्या बिनवासाच्या बाटलीकडे मात्र कोणी रसायन म्हणून पाहत नाही.

हातात नायट्राइलचे मोजे हवेत आणि डाग पडला की ते बदलायला हवेत. त्वचेला लागलेले रेझिन थिनर किंवा स्पिरिटने पुसू नये, त्याने ते अधिक पसरते. साबण आणि पाणीच योग्य. कडा घासताना ओला पॉलिश पेपर वापरावा, म्हणजे धूळ उडत नाही. कापडी मास्क वाफ अडवत नाही. लहान मुलांना ‘राखीचा प्रकल्प’ म्हणून या कामाला बसवणे तर टाळावेच.

दिव्याखाली काही मिनिटांत घट्ट होणारे यूव्ही रेझिन सुरक्षित समजले जाते. तेही खरे नाही. त्यातली अॅक्रिलेट रसायनेही अॅलर्जी आणतात आणि फुलाच्या किंवा वर्खाच्या सावलीत प्रकाश पोहोचला नाही, तर आतला भाग कच्चा राहतो.

घालणाऱ्या बहिणीचे काय? पूर्ण घट्ट झालेल्या रेझिनचा त्रास क्वचित होतो. मात्र बोटाला कोरडे लागणे आणि पूर्ण घट्ट होणे यांत अंतर असते. पहिली अवस्था साधारण २४ तासांत येते, दुसरीला बहुतेक रेझिनना तीन ते सात दिवस लागतात. त्यातही कान चिघळला तर दोष अनेकदा रेझिनचा नसून स्वस्त हुकातल्या निकेलचा असतो. चांदीचे किंवा चांगल्या स्टीलचे हुक घेतले तर खर्च थोडाच वाढतो.

विकायचे असेल तर?

राखीला जुलै २०१८पासून जीएसटी नाही. अपवाद मौल्यवान धातू-खड्यांच्या राख्यांचा. रेझिनचा लोलक राखी म्हणून विकला जात नसेल, तर तो इमिटेशन दागिन्यांत मोडतो आणि त्यावर तीन टक्के कर आहे. वस्तूंच्या विक्रीसाठी नोंदणीची वार्षिक उलाढाल मर्यादा ४० लाख रुपये असल्याने घरगुती विक्रेतीला तो सहसा लागू होत नाही. किंमत ठरवताना फसगत वेगळीच होते. लोलकात दोन-अडीच ग्रॅम रेझिन असते, म्हणून तो स्वस्तात दिला जातो. फुले वाळवणे, घासणे, कडी बसवणे आणि चारातला एक फसणे हिशेबात येत नाही. ‘आयुष्यभर टिकेल’ असेही लिहू नये. उन्हाने इपॉक्सी पिवळे पडते.

उरलेले मिश्रण बेसिनमध्ये ओतू नये. कपातच घट्ट होऊ द्यावे आणि सुक्या कचऱ्यात टाकावे. ते वितळवून पुन्हा वापरता येत नाही.

सुरुवात कधी करावी?

पौर्णिमेपासून उलटे मोजले तर हिशेब सोपा होतो. फुले दीप अमावास्येला सिलिका जेलमध्ये, शेवटचे ओतकाम नागपंचमीपर्यंत. त्यापुढच्या साधारण दहा दिवसांत सात दिवस घट्ट होण्यासाठी आणि उरलेले घासणे, कडी लावणे, कुरिअर यांसाठी. नागपंचमी उलटून गेली असेल तर घाई करू नये. कार्तिक शुद्ध द्वितीयेपर्यंत पाऊस सरलेला असतो, हवा कोरडी असते, शेवंतीही मिळते. राखीला तबकात पाकीट ठेवावे आणि लोलक भाऊबीजेला द्यावा.