स्तनांचा अतिरिक्त भार : दुखणं कधी मानायचं?

खांद्यावर ब्राच्या पट्ट्याने पडलेली खोल खाच, तिच्या कडेची काळवंडलेली कातडी आणि पट्टा रुतू नये म्हणून त्याखाली घडी करून ठेवलेला रुमाल. स्तन प्रमाणाबाहेर वाढलेल्या कितीतरी बायका हे सगळं वर्षानुवर्षं पदराआड किंवा ओढणीआड ठेवतात. मान धरली म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर एक्स-रे निघतो, स्पाँडिलायटिसचं नाव निघतं, वेदनाशामक गोळ्या आणि मानेचा पट्टा मिळतो. मानेवर आणि पाठीवर दिवसभर कशाचा भार आहे हे विचारलं जात नाही आणि लाजेपोटी तीही सांगत नाही. या विकाराकडे आपण ‘आकार’ म्हणून पाहतो, तिथेच उपचाराची वाट अडते. त्याचं मोजमाप त्रासावर आणि वाढीच्या वेगावर व्हायला हवं.

स्तन दूधग्रंथी, चरबी आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या तंतूंचा बनलेला असतो. इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाने तो वाढतो. अतिरिक्त वाढ झालेल्या बहुतेक स्त्रियांच्या रक्तात हे संप्रेरक नेहमीइतकंच आढळतं. त्यांच्या स्तनातल्या ऊती मात्र त्याला जास्त प्रतिसाद देतात, असा तज्ज्ञांचा कयास आहे. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ याचा अर्थ ‘काही झालेलं नाही’ असा होत नाही. काही मुलींमध्ये पाळी सुरू होण्याच्या आगेमागे, अवघ्या काही महिन्यांत स्तन झपाट्याने वाढतात आणि थांबतच नाहीत. क्वचित गरोदरपणात अशी वाढ होते. कातडी ताणून फाटते, जखमा होतात. पेनिसिलामिनसारख्या औषधानेही हे घडू शकतं. हा विकार आजकालच्या खाण्यापिण्यातून आला, असंही मानायला नको. प्लिमथच्या विल्यम डर्स्टन या डॉक्टरने एका तरुणीच्या स्तनांच्या अचानक, अफाट वाढीची हकिकत लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १६६९ मध्ये छापली होती.

‘किती मोठे म्हणजे फार मोठे?’ हा प्रश्न साहजिक आहे, पण त्याचं एकच उत्तर वैद्यकशास्त्राकडे नाही. कुणी एका स्तनातली दीड किलो जादा वाढ ही सीमा धरतात, कुणी अडीच किलो, तर कुणी शरीराच्या वजनाच्या ३ टक्के. याहून उपयोगी कसोटी अमेरिकेतल्या कॅरोलिन केरिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ च्या सुमारास मांडली. मानदुखी, खांदेदुखी, पाठीच्या वरच्या भागातलं दुखणं, हात दुखणं, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, पट्ट्यांच्या खाचा आणि स्तनांखाली उठणारं पुरळ अशा सात तक्रारी त्यांनी घेतल्या. यांतल्या किमान दोन बहुतेक वेळ असतील, तर शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक समजावी, असं त्यांनी सुचवलं. शस्त्रक्रियेने मिळणारा आराम ब्राचा आकार, बाईचं वजन किंवा काढलेल्या ऊतींचं माप यांवर अवलंबून नसल्याचंही त्यांना दिसलं. म्हणजे ‘तुमच्याहून मोठे असलेल्या बायका निभावतात की’ हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या निरर्थक आहे. आपल्याकडच्या दमट हवेत स्तनांखालच्या घडीत घाम साचतो, बुरशी धरते, खाज सुटते, कातडी सोलवटते. मलमाने ती बरी होते आणि घडी तशीच राहिल्याने पुन्हा उठते.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप वजनाचा. ‘आधी वजन उतरवा, छाती आपोआप कमी होईल.’ यात तथ्य आहे, पण अर्धंच. ज्यांच्या स्तनांत चरबीचा वाटा मोठा आहे त्यांना वजन घटल्यावर फरक पडतो; शिवाय लठ्ठपणात शस्त्रक्रियेतली गुंतागुंत वाढते, त्यामुळे सर्जनही वजन आटोक्यात आणायला सांगतात. वयात येताना झालेल्या झपाट्याच्या वाढीत मात्र ग्रंथी आणि तंतू जास्त असतात, ते उपाशी राहून वितळत नाहीत. आणि जिला जिने उतरतानाही छाती हाताने सावरावी लागते, तिला ‘रोज पळायला जा’ असं सांगणं क्रूर आहे. योग्य मापाची रुंद पट्ट्यांची ब्रा, पाठीच्या स्नायूंचे व्यायाम, घडीची स्वच्छता हे जरूर करावं, त्याने थोडी उसंत मिळते. जाहिरातीतल्या तेला-मलमांनी स्तन लहान होत नाहीत.

दुसरा आक्षेप घरातून येतो. लग्न होऊ दे, मूल होऊ दे, मग पाहू. आत्ता कापाकापी केली तर बाळाला पाजता येणार नाही. ही काळजी खोटी नाही. शस्त्रक्रियेत जादा ऊती आणि कातडी काढतात आणि स्तनाग्र त्याच्या रक्तवाहिन्यांसह वर सरकवतात. स्तनाग्राखालचा ग्रंथींचा खांब अखंड राखला तर पुढे स्तनपानाची शक्यता चांगली राहते, तो तोडला तर जवळजवळ उरत नाही. तेव्हा हा प्रश्न सर्जनला आधी आणि स्पष्ट विचारायचा. व्रण कायम राहतात, स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, जखम भरायला वेळ लागू शकतो, अगदी लहान वयात केल्यास पुन्हा वाढ होऊ शकते. हे सगळं तोलून कुणी थांबायचं ठरवलं तर तो तिचा निर्णय. पण मैदानावर जाणं सोडून, खांदे पाडून, वाकून चालणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला अजून दहा वर्षं ‘थांब’ म्हणणं हा उपचार नव्हे.

काही बाबतींत मात्र थांबायचंच नाही. एकाच बाजूची वाढ, हाताला लागणारी गाठ, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून येणारं रक्त, काही आठवड्यांतच दिसलेली मोठी वाढ, किंवा आठ वर्षांच्या आतल्या मुलीत सुरू झालेली वाढ यांपैकी काहीही दिसलं तर लगेच तपासणी हवी. एका बाजूला भराभर वाढणारी गाठ बऱ्याचदा साधी असते, पण ते तपासूनच ठरतं. सुरुवात स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा जनरल सर्जनकडे करावी. भार कमी करण्याची शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जन करतात आणि मुंबईच्या केईएम, सायन यांसारख्या सार्वजनिक रुग्णालयांतही प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे.

खर्चाचा प्रश्न आला की विमा कंपन्या ‘सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया’ म्हणून हात वर करतात. आपल्या विमा नियामकाच्या प्रमाणित नियमात कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेली आहे, पण आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी ती गरजेची असल्याचं डॉक्टरने प्रमाणित केलं तर अपवादाची तरतूदही आहे. दावा मंजूर होईलच याची हमी यातून मिळत नाही, पण कागद नसेल तर बोलायलाही जागा राहत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत मानदुखी, पुरळ, हाताच्या मुंग्या, आधी घेतलेले उपचार हे सगळं तारखेसह केसपेपरवर लिहून घ्या आणि ते कागद जपून ठेवा.