साबुदाण्याच्या कंदात तेल किती?

आमच्या शेजारी एक आजी राहतात. त्यांचा दोन वर्षांचा नातू तापाने आजारी पडला. ताप गेला, पण पोर उभे राहीना. आजी रोज त्याला साबुदाण्याची पातळ पेज पाजत. पंधरा दिवस झाले. नर्सबाईंनी वजन केले. वजन तसूभरही वाढले नव्हते.

आजी मला म्हणाल्या, "मास्तर, साबुदाणा तर ताकदीचा! मग असं का?"

मी म्हणालो, "आजी, बसा. आपण हिशेब करू."

तोच हिशेब आज तुम्हाला सांगतो.

आधी साबुदाणा कशाचा, ते पाहू. तो कणसाला लागत नाही. शेंगेतही होत नाही. जमिनीत एक कंद होतो. रताळ्यासारखा लांब. वरून तपकिरी, आतून पांढरा. त्याला कसावा किंवा टॅपिओका म्हणतात. तमिळनाडूत सेलमच्या बाजूला या कंदाचे सत्त्व काढतात. सत्त्वाचे दाणे करतात, भाजतात, वाळवतात. तोच आपला साबुदाणा.

आपल्याकडे हा उपवासाचा पदार्थ. पण काही देशांत याच कंदावर लोकांचे रोजचे जेवण चालते. आफ्रिका खंडात नायजेरिया नावाचा देश आहे. जगात सर्वांत जास्त कसावा तिथे पिकतो. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी तो आफ्रिकेत नेला.

तिकडच्या बायका कंद सोलतात, किसतात. कीस पोत्यात भरून वर वजन ठेवतात. दोन-चार दिवसांत तो आंबतो आणि पाणी निथळते. मग चाळून मोठ्या कढईत भाजतात. याला 'गारी' म्हणतात. एवढी खटपट कशासाठी? कच्च्या कंदात विष असते. कडू जातीत ते जास्त असते. किसून, आंबवून, भाजून ते बरेचसे निघून जाते.

आता हिशेब. पाटी घ्या.

नायजेरियात १९६१ साली सुमारे ७४ लाख टन कसावा पिकला. माणशी वाटला तर वर्षाला सुमारे १६० किलो. १९८० साली पीक सुमारे १ कोटी १५ लाख टन झाले. पण तोवर माणसेही वाढली. वाटा तेवढाच राहिला.

त्याच सुमारास मोठे संकट आले होते. पिठ्या ढेकूण नावाची कीड आफ्रिकेत शिरली. शेतेच्या शेते वाळू लागली. हान्स हेरेन नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी या किडीचा शत्रू शोधून काढला. तो एक बारीक माशीएवढा कीटक, पॅराग्वे देशातला. १९८१ साली तो नायजेरियात सोडला. त्याने कीड आटोक्यात आणली. हेरेन यांना १९९५ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. नायजेरियातल्या इबादान गावच्या संशोधन संस्थेने जास्त पीक देणाऱ्या जातीही काढल्या.

मग पीक भराभर वाढले. २००० साली ते सुमारे ३ कोटी २० लाख टन झाले. माणशी वाटा सुमारे २६० किलो.

म्हणजे चाळीस वर्षांत माणशी शंभर किलो कंद वाढला. मोठीच गोष्ट! आता विचारा, त्यातून माणसाला तेल-तुपाचा अंश किती मिळाला?

कसाव्याच्या शंभर ग्रॅम गरात स्निग्ध अंश असतो सुमारे पाव ग्रॅम. फार तर थोडा जास्त. १९६१ सालचा वाटा रोजचा धरला तर सुमारे ४४० ग्रॅम. त्यात स्निग्ध अंश सव्वा ग्रॅम. २००० सालचा वाटा रोजचा सुमारे ७१० ग्रॅम. त्यात स्निग्ध अंश दोन ग्रॅम. चहाचा अर्धा चमचा तेलसुद्धा नाही!

तेही सगळा कंद पोटात गेला असे धरून. खरे तर साली जातात. काही कंद कुजतो. काही जनावरांना घालतात. म्हणजे पोटात जाते ते याहूनही कमी.

चाळीस वर्षे देश राबला. कीड हटवली, पीक चौपट केले. तरी या कंदातून माणसामागे रोजचा एक ग्रॅम स्निग्ध अंशही वाढला नाही. यात शेतकऱ्याचा दोष नाही. कंदाचा गुणच तसा. त्यात पिठूळ भाग भरपूर, म्हणून पोट भरते. तेल नाही, आणि डाळीत असते तसले बळही फार थोडे.

मग नायजेरियाची माणसे जगतात कशी? ती नुसती गारी खात नाहीत. गारीचा गरम पाण्यात घट्ट गोळा करतात. तो पातळ कालवणात बुडवून खातात. कालवणात ताडाच्या जातीच्या फळाचे लाल तेल असते. पालेभाजी असते, सुकी मासळी असते, कलिंगडासारख्या वेलीच्या बियांचे कूट असते. काही भागात तर गारी भाजतानाच लाल तेल घालतात. ती पिवळी दिसते.

२०११ साली तिथे पिवळ्या गराच्या नव्या जाती लावायला दिल्या. त्यांच्यात डोळ्यांना लागणारे 'अ' जीवनसत्त्व तयार करणारा अंश आहे. पण तो अंगी लागायला जेवणात थोडे तेल लागतेच. तेलाची गरज सुटली नाही.

एवढे ऐकून आजी म्हणाल्या, "म्हणजे मी पोराला नुसतं पोटभर पीठ पाजलं म्हणायचं!"

अगदी तसेच. शिवाय पेजेत पाणीच जास्त. लहान मुलाचे पोट ते केवढे! चार घोटांत भरते. एक ग्रॅम पिठातून चार उष्मांक मिळतात. एक ग्रॅम तेलातून नऊ. म्हणून थोड्या घासात जास्त शक्ती हवी, तर तेल-तूप हवेच.

आपल्या बायांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचे कूट आणि तूप का घालतात? नुसत्या चवीसाठी नव्हे. मूठभर शेंगदाण्यांत जेवढे तेल असते, तेवढे मिळवायला सुमारे पाच किलो कसावा खावा लागेल!

उपवास करा, साबुदाणाही खा. पण कूट कमी करून साबुदाणा वाढवू नका. जोडीला दूध-ताक घ्या. आजारातून उठलेल्या मुलाला नुसती पेज चार दिवसांवर देऊ नका. मऊ खिचडी द्या, वर चमचाभर तूप घाला. तूप परवडत नसेल तर गोडे तेल घाला. दूध द्या, डाळीचे वरण द्या. वजन वाढत नसेल तर दवाखान्यात दाखवा.

आजींनी दुसऱ्या दिवशीच मुगाची खिचडी टाकली. महिन्याने नर्सबाईंनी पुन्हा वजन केले. काटा पुढे सरकला होता.