नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

सप्टेंबरात शाळा उघडली की घरी फॉर्मांचा गठ्ठा येतो. यंदा लेकीच्या फॉर्मवर ‘घरी बोलली जाणारी भाषा’ या रकान्यात ‘इंडियन’ असं आधीच छापून आलं होतं. मी ते खोडून ‘मराठी’ लिहिलं. लेक म्हणाली, “आई, राहू दे ना. मराठी म्हटलं की सगळे ‘मॅरेथॉन?’ म्हणतात.”

ही गंमत शेजारच्या मोरोक्कन मैत्रिणीला सांगितली. ती हसली आणि म्हणाली, “आमच्या नावांची यादी तुमच्यापेक्षा लांब आहे.” तिचा देश तिच्या भाषेत ‘अल्-मग्रिब’, म्हणजे मावळतीचा देश. आपल्याकडे मगरीबची नमाज म्हणतात, तोच हा शब्द. इंग्रजांनी मात्र देशाला नाव दिलं ते माराकेश या शहरावरून. माणसांना ते म्हणाले ‘मूर’ आणि किनाऱ्याला ‘बार्बरी’. तिची घरची बोली ‘दारिजा’. शाळेतली पुस्तकी अरबी वेगळी. “बाकीचे अरब आम्हाला विचारतात, ही कसली तुमची अरबी?” हे सांगताना मात्र ती हसली नाही.

यातला ‘मूर’ आपल्या ओळखीचा निघाला. स्पेन-पोर्तुगालमध्ये मग्रिबी मुसलमानांना म्हणत ते नाव पोर्तुगीजांनी जहाजातून हिंदुस्थानात आणलं आणि इथल्या मुसलमानांना चिकटवलं. इंग्रजांनी ते उचललं. अठराव्या शतकात तर ते हिंदुस्थानी भाषेलाच ‘मूर्स’ म्हणत. हिंदू झाले ‘जेंटू’, आणि मद्रासेकडे तेलुगू भाषाही ‘जेंटू’! कोणाचं नाव काय, हे त्यालाच विचारावं असं फारसं कोणाला वाटलं नाही.

आपण झालो ‘महरट्टा’. त्यातला ‘ह’ पाहून मला आधी वाटायचं, साहेबाची जीभ अडखळली असणार. पण तसं नाही. उद्योतनसूरींच्या आठव्या शतकातल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत ग्रंथात आपला उल्लेख ‘मरहट्ठ’ असाच आहे. तिथं आपलं वर्णन आहे सावळे, काटक, सोशिक, अभिमानी आणि भांडखोर. (मंडळाच्या वार्षिक सभेला आलेल्यांना यावर पुरावा नको.) उत्तरेत ‘मरहठा’ हे रूप पुढेही टिकलं.

साहेबाच्या तोंडी हे नाव बसलं ते धास्तीतून. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाच्या भीतीनं कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला. त्याचं नाव ‘मराठा डिच’. तो कधी पुरा झालाच नाही. बंगाल्यांनी आपल्या ‘बारगीर’चं ‘बर्गी’ केलं, आणि त्या बर्गींची भीती अंगाईगीतात उतरली. आपल्याला अभिमानाची वाटणारी घोडदौड दुसऱ्याच्या पाळण्यात अशी ऐकू येते, हेही माहीत असावं.

मग आली पुस्तकं. विल्यम कॅरीनं १८०५ साली श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं, वैजनाथ शर्मा या पंडितांच्या मदतीनं. नावात भाषा ‘महरट्टा’च. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ चा. पुढच्याच वर्षी जॉन गॉल्टनं आपलं ग्वेल्फ वसवलं. मोल्सवर्थच्या शब्दकोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची. तिच्यावर भाषेचं नाव बरंचसं आपल्या उच्चाराजवळ आलं, आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीवर आज आपण इंग्रजीत लिहितो तेच झालं. माणसांना विचारून शब्द गोळा केले, तेव्हा नावही सुधारलं.

एक घोळ मात्र राहिला. इंग्रजीत ‘महरट्टा’ म्हणजे देशही, भाषाही, सैन्यही आणि एक जातही. आपल्याकडे मराठा आणि मराठी हे वेगळे शब्द. तरीही १८८१ साली पुण्यात टिळक-आगरकर मंडळींनी इंग्रजी साप्ताहिक काढलं तेव्हा त्याचं नाव साहेबी स्पेलिंगसकट ‘मराठा’च ठेवलं. दुसऱ्यानं दिलेलं नाव असं आपलंसं करता येतं.

इथवर सगळा दोष साहेबाचा. पण मैत्रिणीचं ‘ही कसली तुमची अरबी?’ डोक्यातून जाईना. कारण तो प्रश्न मी ऐकलेला आहे, आणि विचारणारा साहेब नव्हता.

मी अमरावतीची. कॉलेजसाठी पुण्याला गेले तेव्हा ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ हे शब्द महिनाभरात गिळून टाकले. कोणी मारलं नाही की ओरडलं नाही, फक्त हसले. आता व्हिडिओ कॉलवर माझी आई नातीला विचारते, “काय करून राह्यली व माय?” आणि लेक माझ्याकडे वळून हळूच म्हणते, “आजी राँग मराठी बोलते ना?” हे तिला कोणी शिकवलं? मीच. तिच्या तोंडी एखादा वऱ्हाडी शब्द आला की मी लगेच ‘शुद्ध’ करत होते.

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत आपल्या भाषेत एका अनुस्वाराचा फरक. पहिलं साहेबानं केलं. दुसरं आपण मालवणीला, अहिराणीला, वऱ्हाडीला आजही करतो, अगदी फराळाच्या ताटावर बसून.

परवा लेकीला म्हटलं, “आजीची मराठी चुकीची नाही. ती वऱ्हाडी आहे, आणि आईचीही तीच आहे.” तिनं विचारलं, “मग तू काऊन नाही बोलत?”

तो ‘काऊन’ तिनं आजीकडूनच उचलला होता. या वेळी मी दुरुस्त केला नाही.

ग्वेल्फला नवा आलेला माणूस आधी ‘गुएल्फ’ म्हणतो, मग ‘गल्फ’. आपण न चिडता बरोबर उच्चार सांगतो, आणि तो शिकतो. शाळेतही तसंच सांगायचं ठरवलंय. लेकीनं पुढचा फॉर्म स्वतः भरायला घेतला. रकान्यात ‘मराठी’ लिहिलं, थोडा विचार केला, आणि पुढं स्वल्पविराम देऊन लिहिलं, ‘वऱ्हाडी’.