डिझाइनच्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप : आधी स्क्रीन बघा
लेखमाला : घेण्यापूर्वी – भाग ६

बारावीचा निकाल लागतो, यूसीड, एनआयडीची परीक्षा किंवा राज्याची सीईटी यांतल्या कशातून तरी डिझाइनचा प्रवेश पक्का होतो आणि घरात लॅपटॉपचा विषय निघतो. मागच्या भागात आपण प्रोसेसरच्या नावांचा गुंता सोडवला. डिझाइनवाल्यांना तो फारसा छळत नाही, कारण आजचा कुठलाही बऱ्यापैकी प्रोसेसर फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर निमूटपणे चालवतो. त्यांचे पैसे वाया जातात ते स्क्रीनवर, आणि त्याबद्दल दुकानातला माणूस चकार शब्द काढत नाही.

लॅपटॉपवरचे स्टिकर वाचून बघा. प्रोसेसर असतो, १६ जीबी असते, ५१२ जीबी एसएसडी असते आणि हल्ली ठळक अक्षरांत १४४ हर्ट्झ असतं. हर्ट्झ म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा. गोळीबाराचे गेम खेळणाऱ्याला त्याचं मोल आहे. पोस्टर जागचं हलत नाही, त्याला साठ हर्ट्झ पुष्कळ झाले. स्क्रीन किती रंग दाखवते हा आकडा मात्र स्टिकरवर सहसा नसतोच. तो कंपनीच्या तांत्रिक पत्रकात, ‘डिस्प्ले’च्या ओळीत शेवटी दडलेला असतो : ‘४५% एनटीएससी’.

एनटीएससी हा १९५३ साली अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीसाठी ठरवलेला रंगपट. तो टीव्ही गेला, पण मोजपट्टी म्हणून नाव राहिलं. आज आपल्याला हवा असतो तो एसआरजीबी हा रंगपट, जो एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडला आणि पुढे वेबवरच्या चित्रांचा सर्वमान्य पाया झाला. ७२ टक्के एनटीएससी म्हणजे जवळपास पूर्ण एसआरजीबी. ४५ टक्के म्हणजे त्यातले साधारण साठ-पासष्ट टक्के. थोडक्यात, वेबवरच्या चित्रात जेवढे रंग असू शकतात, त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग या स्क्रीनला दाखवताच येत नाही.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर पेन ड्राइव्हवर तीन फोटो घेऊन दुकानात जा : झेंडूचा हार, कुंकवाचा करंडा आणि हिरव्या पैठणीचा जरीकाठ. ४५ टक्क्यांचा आणि पूर्ण एसआरजीबीचा असे दोन लॅपटॉप शेजारी ठेवायला सांगा आणि दोन्हींवर तोच फोटो उघडा. पहिल्यावर कुंकू विटकरीकडे झुकतं. झेंडूच्या केशरी पाकळ्या धुतल्यासारख्या फिक्या दिसतात आणि पाकळ्यांमधली गडद घडी नीट उठून येत नाही. दुसऱ्यावर तोच हार ताजा वाटतो. एकट्या पहिल्याकडे पाहिलं असतं तर काही बिघडलंय असं मनातही आलं नसतं, आणि खरी गोम तिथेच आहे. डोळा समोर असलेल्या स्क्रीनला फार लवकर सरावतो.

आता अशा स्क्रीनवर वर्षभर काम करणाऱ्या मुलीचं काय होतं ते बघा. लाल रंग मेलेला वाटतो म्हणून ती सॅच्युरेशनची पट्टी वर सरकवते. तिच्या डोळ्यांना लाल आता कुठे बरोबर दिसतो. मग ते पोस्टर कॉलेजच्या ग्रुपवर जातं आणि सगळे ते फोनवर पाहतात. फोनची स्क्रीन बहुधा ओलेड, रंगांच्या बाबतीत तिच्या लॅपटॉपच्या कितीतरी पुढची. तिथे तो लाल अंगावर धावून येतो. सरांनी ‘रंग भडक झालेत’ असा शेरा मारला की मुलीला वाटतं, आपल्याला रंगाची समजच नाही.

प्रिंटच्या बाबतीत एक खुलासा. उत्तम स्क्रीन घेतली म्हणून छापील रंग हुबेहूब उतरेल असं नाही. छपाईची चार शाईंची दुनिया वेगळी आहे. स्क्रीनवरचे कित्येक चमकदार केशरी, हिरवे आणि निळे कागदावर येतच नाहीत. म्हणून छापखान्यातली जुनी माणसं स्क्रीनवर भरवसा ठेवत नाहीत. ती टक्के विचारतात : पिवळा किती, मजेंटा किती. ही सवय विद्यार्थ्याने पहिल्या वर्षीच लावून घ्यावी. पण टक्क्यांची भाषा कळायलाही आधी रंग धडपणे दिसावा लागतो.

खरेदी करताना करायचं एवढंच : मॉडेलच्या नावावर विसंबू नका. एकाच नावाखाली दोन-तीन वेगवेगळ्या स्क्रीन विकल्या जातात आणि फरक असतो तो मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या काही अक्षरांत. तो पूर्ण क्रमांक खोक्यावरून उतरवून घ्या आणि कंपनीच्या साइटवर त्याचं पत्रक शोधा. लेनोवो अशी पत्रकं पीएसआरईएफ नावाच्या साइटवर खुली ठेवते. बाकीच्यांचीही थोडं खणल्यावर मिळतात. ‘१००% एसआरजीबी’ किंवा त्याहून मोठ्या रंगपटाचं नाव ‘डीसीआय-पी३’ असं लिहिलेलं हवं. उजेड किमान ३०० निट्स असावा, नाहीतर खिडकीशेजारच्या बाकावर बसून काम होत नाही. रंगाचा उल्लेखच नसेल तर तो वाईट आहे असं समजून पुढे चला. चांगला आकडा कोणी लपवत नाही.

ओलेड स्क्रीनचे लॅपटॉपही आता मधल्या किमतीत मिळतात आणि ते दिसतात देखणे. पण त्यांचा रंगपट एसआरजीबीहून मोठा असल्याने सगळं जरा जास्तच रंगीत दिसतं. सेटिंगमध्ये एसआरजीबीचा पर्याय आहे का, हे आधी तपासा. शिवाय दिवसभर तेच टूलबार एका जागी दिसत राहिले तर काही वर्षांनी त्यांची पुसट छाप स्क्रीनवर उरू शकते. एवढ्यावरून मी कोणाला नको म्हणणार नाही.

ग्राफिक्स कार्डाचा बडेजाव बराच चालतो. ग्राफिक डिझाइन, यूआय, फॅशन किंवा टेक्स्टाइल करणाऱ्याला वेगळ्या कार्डाची गरज जवळजवळ नाही. फिग्मा तर ब्राउझरमध्ये चालतं. अॅनिमेशन, प्रॉडक्ट डिझाइन, इंटिरियर या वाटेने जाणाऱ्यांना मात्र कार्ड लागतं, कारण ब्लेंडर किंवा थ्रीडीएस मॅक्समधलं रेंडरिंग बरंचसं त्याच्या जिवावर चालतं. तिथेही नावावर जाऊ नका. ‘आरटीएक्स ४०५०’ हे एकच कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर चालेल असं लॅपटॉपमध्ये बसवता येतं. वॉट कमी, तर कामही संथ. हा आकडाही त्याच पत्रकात असतो. आणि विरोधाभास असा की ‘गेमिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त लॅपटॉपमध्ये कार्ड दणकट आणि स्क्रीन नेमकी ४५ टक्क्यांची, असा जोडा सर्रास आढळतो. असा लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा, वर चार्जरची वीट. विरार किंवा कर्जत लोकलमध्ये शीटची नळी सांभाळत तो रोज वाहायचा आहे, हेही हिशेबात धरा.

मॅक की विंडोज, यावर घराघरांत वाद होतात. मॅकबुक एअरची स्क्रीन उत्तम, वजन कमी, बॅटरी दिवसभराची. ऑक्टोबर २०२४ पासून त्यात किमान १६ जीबी मेमरी मिळते. पण रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स आणि सॉलिडवर्क्स मॅकवर थेट चालत नाहीत, त्यामुळे आर्किटेक्चर किंवा प्रॉडक्टवाल्यांचा प्रश्न तिथेच मिटतो. आपल्याकडची आणखी एक अडचण छापखान्यांची. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या डीटीपीच्या दुकानांत कोरलड्रॉ आणि श्रीलिपीचं राज्य आहे, तेही विंडोजवर. कोरलड्रॉ २०१९ मध्ये मॅकवर परतलं खरं, पण लग्नपत्रिकेच्या जुन्या फायलींमधले मराठी फॉन्ट युनिकोडचे नसतात. ते फॉन्ट आपल्याकडे नसले की अक्षरांचा कचरा होतो. सुट्टीत गावच्या छापखान्यात चार पैसे कमवायचा बेत असेल तर विंडोजच सोयीचं.

मेमरीबद्दल घासाघीस नको : १६ जीबी घ्या. ८ जीबी घेऊन पुढे वाढवू म्हणाल, तर हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डावरच चिकटवलेली असते आणि नंतर वाढत नाही. मॅकमध्ये तर नाहीच. एसएसडी मात्र पुष्कळ विंडोज लॅपटॉपमध्ये बदलता येते, म्हणून सुरुवातीला ५१२ जीबी चालून जाते.

बजेट अडत असेल तर मधली वाट आहे. साधी स्क्रीन असलेला लॅपटॉप घ्यायचा आणि घरी किंवा होस्टेलवर टेबल असेल तर २४ इंची आयपीएस मॉनिटर जोडायचा. पूर्ण एसआरजीबी दाखवणारा असा मॉनिटर साधारण दहा हजारांच्या आसपास मिळतो. रंगाचे निर्णय त्याच्यावर, बाकी धावपळीचं काम लॅपटॉपवर. रोज टेबल मिळणार नसेल तर मात्र हा मार्ग धरू नका.

आणि घाई तर अजिबात नको. बहुतेक बी.डेस. अभ्यासक्रमांचं पहिलं वर्ष फाउंडेशनचं असतं. पेन्सिल, कागद, माती, पुठ्ठा यांतच हात गुंतलेले असतात. शाखा ठरेपर्यंत घरातल्या जुन्या लॅपटॉपवर निभावत असेल तर निभावा. कॉलेजची यादी आणि सीनियर मुलांचं मत हातात आल्यावर दुकानाची पायरी चढा. स्टुडंट म्हणून सॉफ्टवेअर स्वस्तात किंवा फुकट मिळवायला कॉलेजचा ईमेल लागतो आणि तोही प्रवेशानंतरच मिळतो. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी विनामूल्य मिळतात आणि पुन्हा नूतनीकरण करता येतं.

पेन टॅब्लेटबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं आहे. तो विषय पुढच्या आठवड्यात घेऊ. तोवर निव्वळ चित्रं काढता येतील म्हणून टचस्क्रीनच्या लॅपटॉपला जादा पैसे मोजू नका.